रंगाखालचं काम: हाताने घडवलेली स्टीलची फ्रेम कशी पाहावी

तुमचा प्रश्न असा: हाताने घडवलेली स्टीलची सायकल फ्रेम पहिल्यांदाच जवळून पाहिली. आवडली. पण रंग आणि सांध्यांवरची नक्षी सोडली तर नेमकं कौतुक कशाचं करायचं ते उमगलं नाही. कारखान्यातली चांगली फ्रेमही सरळ असते, टिकते, चकाकते. मग एकटा माणूस दिवसचे दिवस खपून जी फ्रेम बांधतो, तिच्यात वेगळं ते काय?

मी गेली सव्वीस वर्षं हेच काम करतो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. पण गाभा आधीच सांगतो. फ्रेम बांधणाऱ्याची विद्या म्हणजे आचेचा हिशोब. नळी किती तापवायची, कुठून तापवायची आणि ज्योत कधी काढून घ्यायची, यात सगळं आलं. त्याआधी जे कापणं-घासणं चालतं, ते ज्योतीचं काम लवकर आटपावं म्हणून. नंतर जे मोजमाप होतं, त्यात ज्योतीने किती नुकसान केलं ते कळतं. अडचण एवढीच, की रंग चढल्यावर हा हिशोब सहज दिसत नाही. तो वाचायला शिकावं लागतं.

आधी नळीकडे पाहू. बाहेरून सरळ, एकसारखी दिसणारी चांगली नळी आतून एकसारखी नसते. टोकांना तिची भिंत जाड असते आणि मध्ये पातळ. हिला बटेड नळी म्हणतात. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याने १८९७ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि आजही कल्पना तीच आहे: सांधा टोकाला येतो, ताण तिथे, आचही तिथेच, म्हणून तिथे माल जास्त ठेवायचा आणि मधलं वजन काढून टाकायचं. टोकाला ०.८ मिमी, मध्ये ०.५, पुन्हा टोकाला ०.८ हे नेहमीचं माप. खिशातल्या एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. म्हणजे तुम्ही ज्यावर बसून उतारावरून सुसाट येता, त्या नळीची भिंत मध्यावर त्या कार्डापेक्षाही पातळ असते.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो जाणकारांच्या तोंडूनही ऐकू येतो. महागडं स्टील जास्त ताठ असतं असं लोक समजतात. तसं नाही. साध्या स्टीलचा आणि उत्तम मिश्रधातूचा ताठपणा जवळजवळ एकच असतो. फरक पडतो तो मजबुतीत, म्हणजे कायमचं वाकण्याआधी किंवा तुटण्याआधी स्टील किती सोसेल यात. रेनॉल्ड्सने १९३५ मध्ये ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनमचं स्टील आणलं. तिकडे मिलानमध्ये १९१९ पासून चालत आलेल्या कोलंबस या नळ्यांच्या कंपनीने क्रोम-मॉलिब्डेनमच्या नळ्या गाजवल्या. या सगळ्यांचा फायदा एकच: भिंत आणखी पातळ करता येते. ताठपणा हवा असेल तर नळीचा व्यास वाढवावा लागतो. भिंत तीच ठेवून डाउन ट्यूब, म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणारी नळी, २८.६ मिमीवरून ३१.८ मिमी केली, तर वाकण्याला तिचा विरोध साधारण अडतीस टक्क्यांनी वाढतो. वजन मात्र फक्त अकरा टक्क्यांनी.

आणि भिंत जितकी पातळ, तितकी आचेतली चूक महाग. १९७० च्या दशकात रेनॉल्ड्सने ७५३ नावाची, उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेली, फारच पातळ नळी काढली. ती सरसकट कुणालाही विकली जात नसे. आधी एक नमुना सांधून पाठवायचा, तो तपासणीत उतरला तरच नळ्या मिळायच्या. पितळाने जोडाल तर एवढी आच लागेल की नळीचा कडकपणाच उतरेल, म्हणून चांदीचीच झाळ, म्हणजे वितळवून सांध्यात भरायचा धातू, हवी. दुकानदाराने गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यावी, आणि गिऱ्हाइकांनी ती अभिमानाने द्यावी, असा हा व्यवहार होता.

आता बाकावर येऊ. नळीचं तोंड असं कापायचं असतं की एक गोल नळी दुसऱ्या गोल नळीच्या अंगाला घट्ट मिठी मारून बसेल. याला माइटर म्हणतात. कापण्याआधी नळीची जाड टोकं मोजून खुणा करायच्या आणि कुठल्या टोकाने किती कापायचं ते ठरवायचं. चुकीच्या टोकाने जास्त कापलं तर पातळ भाग थेट सांध्यात येतो, आणि ते बाहेरून कुणालाही कळत नाही. यंत्राने कापा नाहीतर करवतीने, शेवटचा हात अर्धगोल कानशीचाच. मग दोन्ही नळ्या जुळवून मागे दिवा धरायचा. उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. मला अजूनही एकेका तोंडाला अर्धा तास लागतो आणि त्याचं मला काही वाटत नाही.

लग वापरून बांधलेल्या फ्रेममध्ये, म्हणजे जिथे नळ्या एका बाहीसारख्या खोबणीत जातात तिथे, ही मिठी पूर्ण झाकली जाते. ढिली असली तरी फ्रेम पहिली काही वर्षं काही बोलत नाही. म्हणून मी माइटरला या धंद्यातली सचोटीची जागा मानतो. जे कधीच दिसणार नाही ते नीट करायचं, कारण नळीला नळीचा आधार मिळाला तर झाळेवरचा भार कमी होतो आणि तापवताना काही सरकत नाही.

आता ज्योत. सीटच्या लगचा एक सांधा जवळून पाहू. नळी आणि लग पॉलिश पेपरने उजळेपर्यंत घासलेले. बोटाचा तेलकट डागही चालत नाही. दोघांमध्ये फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी. ती जास्त झाली तर वितळलेली चांदी आपणहून आत ओढली जाणार नाही, कारण केशाकर्षणाला अरुंद वाट लागते. आतबाहेर फ्लक्सचा, म्हणजे तापलेल्या धातूला हवेपासून जपणाऱ्या रसायनाचा, लेप. मऊ ज्योतीने सगळा भाग हळूहळू ऊबदार करायचा. लेपातलं पाणी उडतं, तो पांढरा होतो, फुगतो, पापडासारखा दिसतो. आणखी थोडी आच, की तोच लेप बसतो आणि पाण्यासारखा नितळ होऊन वाहू लागतो. स्टील त्या वेळी जेमतेम काळपट लाल होत असतं, तेही लख्ख उजेडात दिसत नाही. फ्लक्स हाच आपला तापमापक. तो नितळ झाला की चांदीची कांडी लगच्या काठाला टेकवायची. कांडी ज्योतीने वितळता कामा नये, तापलेल्या स्टीलला टेकून वितळली पाहिजे. मग ज्योत हळूच सांध्याच्या दुसऱ्या बाजूला न्यायची. चांदी आचेच्या मागे धावते. इकडे कांडी टेकवलेली असते आणि क्षणभराने तिकडे, पलीकडच्या काठावर, केसाएवढी चकचकीत रेघ उमटते. ती उमटली की चांदी आतून पार झाली. शेकडो फ्रेम झाल्या, पण त्या रेघेची वाट पाहताना मी आजही श्वास रोखून धरतो.

हे सांगायला सोपं आहे. करताना लगची भिंत जाड आणि नळीची पातळ, म्हणजे दोन्हींना सारखी आच द्यायची तर ज्योत सतत लगकडे झुकती हवी. चांदीच्या झाळेला साधारण साडेसहाशे अंश सेल्सियस लागतात, पितळाला नऊशेच्या आसपास. स्टील वितळतं ते जवळजवळ पंधराशेला. त्यामुळे नवख्याला वाटतं की आपल्याला भरपूर जागा आहे. ती नसते. थोडं जास्त तापलं की फ्लक्स काळा पडतो, मग चांदी पसरायला नकार देते, माणूस घाबरून आणखी आच देतो आणि सांधा हातचा जातो. जाणता माणूस अशा वेळी ज्योत बाजूला घेतो, सांधा थंड करून गरम पाण्यात धुतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. ते धैर्य यायला मला फार वर्षं लागली.

माझ्या उस्तादांनी मला पहिले कित्येक महिने फ्रेम बांधूच दिली नाही. सांधे करायचे आणि करवतीने उभे कापायचे. पहिला सांधा बाहेरून इतका देखणा झाला होता की तो कापायला सांगितल्यावर मला राग आला. कापला, तर आत काठाशी तीन-चार मिलिमीटर चांदीची गोल कड, आणि त्यापुढे वाळलेल्या फ्लक्सचा पांढरा चुरा. बाहेरून भरलेला, आतून पोकळ. उस्ताद काही बोलले नाहीत, दुसरा लग पुढे सरकवला.

एवढं शिकूनही मी पुढे चुकलो. तिसऱ्या वर्षी पितळाने बांधलेली एक फ्रेम दोन वर्षांनी परत आली. डाउन ट्यूबला, लगच्या टोकाच्या किंचित मागे, केसासारखी चीर. सुदैवाने मालकाला धुताना ती दिसली आणि कुणाला इजा झाली नाही. मी तो भाग कापून घासून भिंगाखाली धरला. चिरेत पिवळी रेघ होती. ते पितळ होतं. एक बारीकसं भोक बुजवायला मी तो सांधा पुन्हापुन्हा तापवला होता, आणि नळी जिगमध्ये, म्हणजे नळ्या जागच्या जागी धरणाऱ्या साच्यात, इतकी आवळून धरली होती की ती ताणाखाली होती. ताणाखालचं स्टील अति तापलं की वितळलेलं पितळ त्याच्या कणांच्या सीमांमधून आत शिरतं आणि चिरेचं बी तिथेच पेरलं जातं. त्या माणसाला नवी फ्रेम बांधून दिली. तेव्हापासून तापवताना माझ्या जिगमध्ये नळ्यांना एका बाजूला मोकळं सरकायला वाव असतो, आणि टिकलीसारखा छोटा टाका मारून झाला की मी फ्रेम जिगमधून काढून मोकळीच झाळतो.

ज्योतीचा दुसरा परिणाम म्हणजे वाकडेपणा. तापलेला भाग निवताना आकसतो आणि फ्रेमला आपल्याकडे ओढतो. म्हणून कुठला सांधा आधी, त्यातली कुठली बाजू आधी, याचा क्रम ठरलेला असतो, आणि प्रत्येक बांधणाऱ्याचा क्रम थोडा वेगळा असतो. झाळकाम झालं की फ्रेम जाड सपाट पोलादी पाटावर चढते आणि हेड ट्यूब (हँडलची नळी), सीट ट्यूब (सीटखालची नळी), मागचे ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचा) एका प्रतलात आहेत का ते मोजलं जातं. थंड फ्रेम जोर लावून सरळ करता येते, तशी पद्धतच आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण कुणाच्या हाताची पारख करायची असेल तर त्याची फ्रेम शेवटी किती सरळ आहे हे विचारू नका. शेवटी सगळेच सरळ करतात. पाटावर पहिल्यांदा ठेवली तेव्हा किती बाहेर होती ते विचारा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असं खरं उत्तर मिळालं, तर समजा की त्याने आच राखून वापरली.

आता तुम्ही ज्या नक्षीकडे पाहिलंत तिच्याबद्दल. लंडनच्या हेचिन्स या बांधणाऱ्यांच्या फ्रेमवरचे लग म्हणजे वेलबुट्टीच, आणि मागच्या नळ्याही नागमोडी. कुणी म्हणेल नाकापेक्षा मोती जड. मी तसं म्हणणार नाही. लगच्या काठाला जितकी वळणं, तितकी चांदीला फिरायला लांब वाट. प्रत्येक टोकापर्यंत ती पोचली पाहिजे, पण पातळ टोक सगळ्यात आधी तापतं आणि सगळ्यात आधी जळतं. एवढ्या वळणांवर एकही टोक काळं न पाडता चांदी फिरवली असेल, तर तिथेही मी ज्योतीलाच दाद देतो.

याच्या दुसऱ्या टोकाला जपानची केरिन, म्हणजे ट्रॅकवरची सायकल शर्यत. १९४८ पासून चालत आलेल्या या शर्यतीच्या पुरुषांच्या पारंपरिक प्रकारात स्टीलचीच फ्रेम लागते, तीही मान्यता मिळालेल्या बांधणाऱ्याची. त्यामुळे तिथे साध्या, अलंकाराविना केलेल्या लगच्या फ्रेमची परंपरा टिकली. योशियाकी नागासावा इटलीत सान्ते पोलियागी आणि उगो दे रोसा यांच्याकडे काम करून परतले. कोइची नाकानो यांनी १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षं स्प्रिंटचं जागतिक विजेतेपद मिळवलं ते नागासावांच्या फ्रेमवर. त्या फ्रेमवर पाहण्यासारखं म्हटलं तर काहीच नाही. लगचा काठ सगळीकडे एकाच जाडीचा आणि चांदीची रेघ अखंड, बस्स. मला त्या फार आवडतात.

बेल्जियमचे शर्यतपटू एडी मर्क्स यांनी ऑक्टोबर १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला, ती सायकल एर्नेस्तो कोलनागो यांनी बांधलेली, सगळी मिळून सहा किलोच्याही आत. स्टीलची. त्या काळात पुष्कळ शर्यतपटूंच्या फ्रेमवर एका कंपनीचं नाव रंगवलेलं असे आणि ती बांधणारा हात दुसऱ्याच कुणाचा असे. जाणकार मात्र सीटच्या सांध्याची घडण, ड्रॉपआउटजवळचा उतार पाहून ओळखायचे. हस्ताक्षर ओळखावं तसं.

लग नसलेल्या फ्रेमबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. जाड नळ्या आल्या, डोंगरातल्या सायकलींचे कोन बदलले, तेव्हा त्या मापाचे लग मिळत नव्हते. अमेरिकेच्या टॉम रिची यांच्यासारख्या बांधणाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी नळ्या थेट पितळाने जोडल्या, सांध्याभोवती पितळाची गुळगुळीत खोलगट कड ठेवून. लोण्यावरून बोट फिरवावं तशी ती दिसते. कानशीने घासूनही ती तशी करता येते, पण घासताना नळीच खरवडली जाण्याचं भय असतं. उत्तम हात ज्योतीनेच ती कड इतकी समतल घालतो की घासायला फारसं उरत नाही.

आणि टिग वेल्डिंग, म्हणजे विजेच्या ठिणगीने केलेली जोडणी, जिला हस्तकलेचे काही भक्त कमी लेखतात. तिथे तर स्टीलच वितळवायचं असतं, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या भिंतीत भोक न पाडता. इटलीचे दारिओ पेगोरेत्ती सासऱ्यांकडे, लुइजिनो मिलानी यांच्याकडे, धंदा शिकले आणि पुढे टिगने बांधलेल्या, स्वतः रंगवलेल्या फ्रेमसाठी जगभर नावाजले. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचे अमेरिकी मित्र रिचर्ड सॅक्स तरुणपणी लंडनच्या विटकम या बांधणाऱ्यांकडे शिकून आलेले, जन्मभर लग आणि ज्योत यांना धरून राहिलेले. पद्धती दोन टोकांच्या, तरी दोघांनी मिळून कोलंबसकडून पेगोरिची नावाचा नळ्यांचा संच करवून घेतला. पद्धतीवरून भांडणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. टिगच्या सांध्यात माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या लहरी दिसल्या, तर तीही आच मोजून दिलेली आहे.

मापांबद्दल थोडक्यात. हेड ट्यूबचा कोन ७३ अंश, फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याचा) पुढे झुकाव ४५ मिमी आणि नेहमीचं पातळ टायर असलेलं मोठं चाक धरलं, तर ट्रेल, म्हणजे हँडलच्या आसाची रेघ जमिनीला जिथे टेकते तिथपासून मागे चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, ५५ मिमीच्या आसपास येतो. झुकाव पाच मिमीने वाढवला की ट्रेल जवळपास तेवढाच घटतो आणि हँडल हलकं होतं. बुटक्या माणसासाठी फ्रेम नुसती आखूड केली तर वळताना बूट पुढच्या चाकाला लागतो. म्हणून कोन आणि झुकाव दोन्ही एकमेकांना धरून बदलावे लागतात. हे गणित आता संगणकावरही होतं आणि छान होतं.

तुमच्या कारखान्याच्या मुद्द्याला सरळ उत्तर देतो. चांगल्या कारखान्यातली फ्रेम कच्ची नसते. पण तिथल्या आखणाऱ्याला ती फ्रेम पंचावन्न किलोचा माणूस घेईल की पंचाण्णव किलोचा, हे माहीत नसतं, म्हणून नळी जड माणसालाही पेलेल अशी निवडावी लागते. शिवाय दिवसअखेरीच्या दमलेल्या हातालाही सांधा जमला पाहिजे, म्हणून भिंत थोडी जाड घ्यावी लागते. माझ्यासमोर माणूस उभा असतो. त्याचं वजन, तो पेडल कसा रेटतो, सामान नेतो का, हे पाहून मी एकाच फ्रेममध्ये तीन वेगळ्या जाडीच्या नळ्या घालू शकतो. पंचावन्न किलोच्या माणसाला मध्ये ०.४ मिमीची टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) देतो, आणि ती तो खरोखर अनुभवतो. एवढी पातळ नळी देण्याची हिंमत होते ती आपली आच आपल्याला माहीत असते म्हणून.

तर पुन्हा अशी फ्रेम समोर आली की आधी लगच्या काठावरून नख फिरवा. काठ आणि नळी यांच्यामध्ये नख अडकायला नको, आणि चांदी नळीवर ओघळून सांडलेलीही नको. लगच्या टोकाजवळ, नळीच्या अंगावर, कानशीची आडवी खूण रंगाखालून जाणवते का ते तिरप्या उजेडात पाहा. ती असेल तर नळी तिथे पातळ झाली आहे, नेमकी जिथे होता कामा नये तिथे. सीट स्टे, म्हणजे मागच्या चाकाकडून वर येणाऱ्या दोन नळ्या, जिथे सीटच्या लगला येऊन मिळतात तिथे डावी-उजवी बाजू आलटून पालटून पाहा. दोन्ही सारख्या असणं फार अवघड असतं. जिथे नळीची दोन्ही टोकं बंद होतात तिथे श्वास घ्यायला बारीक भोक ठेवलेलं असतं, नाहीतर तापलेली हवा झाळ बाहेर फेकते. ते भोक किती नेटकं आहे तेही पाहा.

आणि मालकाने परवानगी दिली तर फ्रेम उलटी करा. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा दांडा बसतो त्या, खोक्यात चार नळ्या येऊन मिळतात, धातू सगळ्यात जाड तिथेच आणि आच सगळ्यात जास्त वेळ तिथेच लागते. पेडलचा दांडा काढलेला असेल तर आत डोकावा. नळ्यांची तोंडं आतून दिसतात. त्यांच्या भोवती चांदीची किंवा पितळाची बारीक, अखंड कड आतपर्यंत आलेली दिसली, तर बाहेरून टेकवलेली कांडी पूर्ण सांधा ओलांडून आत पोचली आहे. मी दुसऱ्या कुणाची फ्रेम हातात घेतो तेव्हा पहिल्यांदा तिथेच टॉर्च मारतो.